जुजबंदी

शहापुरात, खडेबाजाराच्या मागच्या बोळात
एकेचाळीस वर्षं मी पुस्तकं शिवतो.
कोर्टाच्या फायली, मठाच्या पोथ्या, सोसायटीच्या खातेवह्या
आणि दर जूनला त्यांच्या अभ्यासमंडळाची वही.

मी त्यांचा नव्हे.
मत एकदा दिलं, तेही मास्तरांकडे बघून,
आणि घरी येऊन बायकोची बोलणी खाल्ली.

मास्तर म्हणजे बिंदुमाधव मुतगेकर.
सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत चारशे पानं.
"जुजबंदीच कर रे, नुसतं चिकटवू नकोस.
वही उघडली की सपाट उघडली पाहिजे."

शिवताना वाचायचं नाही, असा धंद्याचा नियम.
मी वाचायचो.
एका वर्षी साठ पानं फक्त एवढ्यावर,
की गावची जुनी विहीर बुजवावी का.
कुणी लिहिलेलं : आजोबांनी खणली, राखायला हवी.
खाली चन्नबसप्पा हुलकोटींचं कन्नड, जांभळ्या शाईत :
आजोबांनी ती कुणाला बंद ठेवली होती,
तेही राखायचं का?
आणि समासात मास्तर, तांबड्या शाईनं :
उत्तर द्या. मला सुचत नाही.

पुढल्या पानावर उत्तर होतं. खोडलेलं.
पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं.
मला काही ते पटलं नाही,
पण त्या वर्षी कडा कातरताना
मी समास राखून कातरल्या.

सीमेच्या प्रश्नावर त्यांचं मराठीत एक, कन्नडात दुसरं,
हे तेव्हाही होतंच.
तेव्हा त्यांना त्याची लाज वाटायची
आणि लाजेपायी ते तीस-तीस पानं लिहायचे.

मग वही नव्वद पानांची झाली.
मग जुजबंदीला पुरेना, पिन मारली.
एका जूनला नुसत्या हजेरीच्या सह्या आल्या,
त्याच्या पुढच्या जूनला हार घातलेले फोटो.
मास्तरांना कुणी काढलं नाही हो.
बैठकीची वेळ कळवायची राहून गेली,
सलग तीन वर्षं.
चन्नबसप्पा गोकाकला लेकीकडे गेले.
तिथं म्हणे पेपरच्या कडेला लिहीत बसतात.

परवा प्रज्योत होनगेकर आला, आता तोच अध्यक्ष.
गाडी बोळात मावेना, तशीच तोंडाला लावून.
"मामा, पुस्तकं पायजेत."
कुठली?
"नुसत्या पाठी करा की. व्हिडिओ करताना मागं दिसायला.
सहा फूट बाय दहा."
नावं काय घालू?
"कायबी घाला. सोनेरी दिसलं म्हणजे झालं."
तुमचं म्हणणं तरी काय सध्या, मी सहज विचारलं.
तो हसला, वाईट नाही पोरगं,
"आमचं कुठलं मामा, वरनं येतंय की सगळं."

पाठीमागं भरायला काहीतरी लागतं,
नाहीतर पुठ्ठा दबतो, असं मी सांगितलेलं.
दुसऱ्या दिवशी टेम्पोतनं रद्दीची पोती आली.
तोंड सोडलं, तर आत माझीच शिवण.
अडतीस वह्या.
एका वहीला माझ्या डाव्या अंगठ्याचा खळीचा ठसा,
लग्नाच्या वर्षीचा.

नाही म्हणता आलं असतं.
आगाऊ रक्कम घेतली होती, दिवाळी तोंडावर.

त्यांचं कपाट चार बोटं खोल.
वह्या वीतभर रुंद.
मी यंत्राची मूठ दोन्ही हातांनी खाली ओढली,
अडतीस वेळा.
समास आधी गेले.

खळीत मोरचूद घातला नाही.
तिथं कसर कशाला येईल?

रात्री झाडताना फरशीवर तांबड्या शाईच्या पट्ट्या,
बोटभर रुंद, कुठं पुरावा?, कुठं अर्धं नाव, कुठं नुसती फुली.
एकीवर एवढंच, सुचत नाही.
ती उचलून चष्म्याच्या डबीत ठेवली.
का, ते विचारू नका.
मी त्यांचा नव्हे.