तुलनात्मक तक्ता

तीन कोटेशनं लागतात.
पाकिटं बंद हवीत, आणि ती सगळ्यांदेखत फोडायची असतात
रास्ता पेठेतल्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे पंखा आहे पण रेग्युलेटर नाही.

चादरी, पांढऱ्या, साठ बाय नव्वद, बाराशे नग.
एकोणीस वर्षं मी हा तक्ता आखते आहे :
दर, मुदत, जीएसटी, धुतल्यावर किती आटते.
सर्वांत कमी आकड्याभोवती लाल गोल,
गोलाशेजारी माझी सही.

यंदा एका चादरीच्या शिवणीत केस सापडला.
लांब, काळा, टाक्यात पक्का अडकलेला.
ओढला असता तर शिवणच उसवली असती.

मंगळवारी, न कळवता, फुरसुंगीला गेले.
हरपळ्यांचं युनिट : पत्र्याची शेड, लाकडी पोटमाळा,
सव्वीस बायका, सव्वीस मशिनं,
मागच्या दाराला बाहेरून कुलूप.
"चोऱ्या होतात मॅडम. बॉबिनसुद्धा सोडत नाहीत."
जिन्यावर खोकी रचलेली, आमच्याच नावाची.
आग लागली तर?
"आजवर तर लागली नाही."

पहिल्या मशिनवर मंदा खिलारे.
तिचा अंबाडा मी उगाच न्याहाळला.
एका चादरीला किती मिळतात, विचारलं.
तिनं आधी हरपळ्यांकडे पाहिलं,
मग मशिनकडे बघत म्हणाली, "दोन रुपये चाळीस पैसे."
हा आकडा माझ्या कुठल्या रकान्यात बसतो
ते काही केल्या आठवेना.

मग मी आवाज चढवला.
खरेदी विभागाचा आवाज, एकोणीस वर्षं मुरलेला.
हरपळे ऐकून घेत राहिले. शेवटी त्यांनी खण ओढला.
आमची बिलं. टाचण्यांना गंज चढलेली.
साडेचार महिन्यांचं, सहा, एक तर आठ महिन्यांचं.
'रक्कम ४५ दिवसांत', छापील.
खाली माझ्याच अक्षरात : पुढील बैठकीत.
पुढील बैठकीत.
"या बायकांना मी शनिवारी पैसे देतो, मॅडम.
तुमचा शनिवार कधी असतो?"

चहा आला होता. त्यावर साय धरली.

रात्री ठरवलं, ऑर्डर रद्द. हात झटकून मोकळं व्हायचं.
सकाळी ऑफिसात फोन. खोक्यावर छापलेला नंबर बघून केलेला.
"मी मंदा बोलते. दार उघडायला लावा, बाई,
पण काम काढून नेऊ नका."
मागे मशिनं चालू होती. तिनं लगेच ठेवला.

बैठकीत मी तक्ता मांडला.
पेनानं वाढवलेले रकाने : मागचं दार, जिना, नगाला मजुरी.
आणि पुरवठादारांच्याही वर, पहिल्या ओळीत, आम्ही :
रुग्णालय. थकबाकी, दोनशे चाळीस दिवस.
अकाउंट्सचे धायगुडे म्हणाले,
"आपलं नाव कशाला? आपण घेणारे."
अध्यक्षांनी चष्मा पुसला.
"नगामागे साडेसहा रुपये जास्त.
हे कोणाच्या औषधातून काढायचे, तेही लिहा."
ते चुकीचं बोलत नव्हते.
माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती चादर होती, केसासकट,
टेबलावर पसरायला आणलेली.
पसरली नाही.

निम्मी बिलं मंजूर झाली. साडेसहाचे चार झाले.
दाराबद्दल इतिवृत्तात एक शब्द : पाहावे.

म्हणून पाहायला गेले.
जिना मोकळा होता. मी येणार हे कळलं असेल,
किंवा खरंच मोकळा असेल.
कुलूप नव्हतं. कडीला तार पिळलेली, आतून.
घड्याळ लावून सोडवली : चौदा सेकंद.
धुरात किती लागतील,
तो रकाना तसाच ठेवलाय.

मंदानं मान वर केली नाही.
मशिनच्या कडेला दोन बोटं वाजवली फक्त.

आता मंगळवारी जात नाही.
कधी जाते, ते इथेही लिहीत नाही.