सतरा मिनिटं

प्रसूतीकक्षातलं आमचं घड्याळ
सतरा मिनिटं मागे चालतं.
साऱ्या स्टाफला ठाऊक आहे,
तालुक्यातल्या एकाही ज्योतिषाला नाही.

मागे जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले,
म्हणाले, सिस्टर, वेळ काय झाली?
बेबीनंदा सिस्टर रजिस्टरातून मान न काढता म्हणाली,
"कोनती सांगू साहेब, आतली का बाहेरची?"
फैयाज पळाला एक्स-रेच्या खोलीत
आणि बाहेरचा लाल दिवा लावून
एकटाच हसत बसला.

तोच फैयाज, ज्यानं पैजेवर
अजाबरावच्या डब्याचा एक्स-रे काढला होता,
न उघडता भाजी ओळखायची म्हणून.
भाजी दिसली नाही.
भाकरीच्या घडीत ॲम्ब्युलन्सची किल्ली दिसली,
जी सकाळपासून अख्खा दवाखाना शोधत होता.
डबा विसरतो म्हणून बायकोनंच खोवली होती.

दंतवैद्याची जागा सहा वर्षं रिकामी.
खुर्ची मात्र उन्हाळाभर दोन ते चार भरलेली,
कूलरचं तोंड आपल्याकडे वळवून
अजाबराव आडवा.
एकदा एक म्हातारी येऊन त्याच्यापुढे आ करून उभी राहिली.
तो दचकून उठला, आत डोकावला,
"माय, यात तं काहीच नाही. काढू काय?"

घड्याळ कवडूच्या ताब्यात.
आम्ही कुणी काटे जुळवले
की दुसऱ्या दिवशी पुन्हा सतरा मिनिटं मागे.
विचारलं तर म्हणायचा,
"माह्याआधीची दोन गेली.
मंग मायनं मले सुइणीजवळून
एका कवडीत इकत घेतलं.
नेवाले येनाऱ्याले वाटलं, लेकरू दुसऱ्याचं.
फसते तो. थोडकंसं फसवा लागते."
सतराच का, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

कोलामपोडावरच्या बाईची ती रात्र
मी लिहिणार नव्हतो.
मूल रडलं नाही.
सिस्टर बॅग दाबत राहिली, दाबत राहिली,
मग वेळ लिहायला तिनं वर पाहिलं
आणि पेन तसंच धरून उभी.
पहाटे अजाबराव त्यांना पोडावर सोडून परतला.
निंबाखाली बसलो सारे, चहावर साय धरली.
खूप वेळानं कवडू म्हणाला,
"आज तो बी आपलं घड्याळ घेऊन आला होता लेकाचा."
सिस्टर हसली.
रडता रडताच हसली, पदरानं नाक पुसून म्हणाली,
"वता तो चहा. नवा मांडा."

जूनमध्ये कवडू रिटायर झाला.
शाल, नारळ, आणि भिंतीवरून उतरवलेलं ते घड्याळ.
भाषण कुणाला जमेना.
फैयाज उभा राहिला, "कवडूदादा" म्हणाला,
खाली बसला.
घड्याळ सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून दिलं.
फाटकाबाहेर पडेपर्यंत
सेकंदाचा काटा फिरताना दिसत होता.

नवं घड्याळ आलं. चौकोनी, अचूक.
पहिल्याच रात्री, दिवा न लावता, चष्म्याशिवाय
मी स्टुलावर चढलो,
चाचपत काटा सतरा मिनिटं मागे सरकवला
आणि चोरासारखा माझ्या औषधांच्या खिडकीत
येऊन बसलो.

सकाळी पाहतो तर
ते एक तास आठ मिनिटं मागे.

सिस्टर रजिस्टरात.
फैयाजच्या दारावर लाल दिवा, पेशंट एकही नाही.
अजाबराव दाताच्या खुर्चीत, सकाळी नऊलाच,
डोळे जरा जास्तच घट्ट मिटून.

मी गोळ्या मोजणारा माणूस,
भागाकार लवकर येतो.
कुणाला काही विचारलं नाही.
स्टुलावर चपलांची माती होती,
ती पुसून
स्टूल जागेवर ठेवलं.