पसंतीक्रम

बदलीचा अर्ज एकपानी आहे.
नाव, हुद्दा, सेवेची वर्षं भरून झाली.
रकाना सातवा: बदली मागण्याचे कारण, थोडक्यात.
थोडक्यात म्हणजे दोन ओळी.
आठवडाभर मी त्या दोन ओळींपाशी अडलेय.

पाणी लिहू?
देवरुखात विहीर दारात होती,
रहाट ओढताना पाण्याचा विचार कधी केला नाही.
इथं सोमवार-मंगळवार मोडीत निघाले.
पाण्याचा दिवस, मग दुसरा, तिसरा, चौथा,
आणि रात्री अडीचला
नरसूबाई गुर्रम मधल्या भिंतीवर लाटणं आपटते:
"ऊठ गं मास्तरीण, पाणी येऊलालंय!"
मी मास्तरीण नाही, कोषागारात कारकून आहे.
तीन वर्षं झाली, तिला पटत नाही.

ऊन लिहू?
एप्रिलात दाराची कडी पदरानं धरावी लागते.
पण इथं मीठ कोरडं राहतं,
काडी पहिल्या झटक्यात पेटते,
चपलेवर बुरशी धरत नाही,
आणि माझा दमा,
दर आषाढात उशाशी येऊन बसणारा,
त्याला बहुधा इथला पत्ता सापडलेला नाही.
हे लिहिलं तर विचारतील, मग जाताय कशाला?

मासे बर्फातून येतात, डोळे पांढरे झालेले.
विकणारा म्हणतो, ताजे आहेत ताई.
मी म्हणते, बरं,
आणि कडक भाकरी, शेंगाचटणी घेऊन घरी येते.

तिकडे मला आळी ओळखत होती.
भास्कर पोस्टमनची थोरली,
नवऱ्यानं टाकलेली.
इथं घरमालक चिप्पांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं:
भाडं पाच तारखेच्या आत ना?
अडतिसाव्या वर्षी मी स्कूटर शिकले,
होटगी रोडला, पहाटे.
दोनदा पडले.
कुणी घरी जाऊन सांगितलं नाही.

रेणू शाळेतून येते ती थेट नरसूबाईच्या ओट्यावर.
ती सुपात पानं घेऊन विड्या वळते,
ही जुड्या मोजते:
ओकटी, रेंडु, मूडु.
एकदा फोनवर आजोबांना म्हणाली, "काय बे, जेवलास का?"
मी कपाळाला हात लावला.
पलीकडून बाबा ठसका लागेपर्यंत हसले.
त्यांचं तेवढंच हसणं
आता माझ्याकडे आहे.

बाबा गेले तेव्हा गाडीला तेरा तास लागले.
आंबा घाटात दरड.
मी पोचले तर अंगण झाडून झालं होतं,
तिरडीचे उरलेले बांबू
पडवीला टेकवून ठेवलेले.
कुणीतरी म्हणालं, थांबवलं असतं, पण पाऊस.

हे कारण.
हेच लिहिलं मग, दोन ओळीही लागल्या नाहीत.
वडील वारले. आई एकटी आहे.

त्या वेळी बाराव्यानंतर परत आले
तर घरातली सगळी पिंपं काठोकाठ भरलेली,
वर ताटल्या झाकलेल्या.
किल्ली नरसूबाईकडे असते.
ती काही बोलली नाही.
फक्त म्हणाली, निळ्या पिंपाला चीर गेलीय, बदल.

रकाना आठवा: पसंतीची तीन ठिकाणे.
एक, देवरुख.
दोन, लांजा.
तीनवर पेन बराच वेळ थांबलं
आणि मग सोलापूर लिहून मोकळं झालं.

आस्थापनेचे बिराजदार चष्मा कपाळावर चढवतात.
"मॅडम, हे चालत नाही.
आहे ते ठिकाण मागता येत नाही."
"का?"
"इथं तुम्ही आहातच की!"

लाल पेनची एक रेघ.
तिच्या खालून सोलापूर स्पष्ट वाचता येतं.

मी पोचपावती घेते,
घडी घालते, पर्समध्ये ठेवते.
जिना उतरताना बोटांवर मोजते:
आज चौथा.
रात्री लवकर झोपायला हवं.