अर्धा बुडबुडा

तीन पाय उतरले, चौथा नाही.
डॅशबोर्डवरचा लाल दिवा डोळा मारत राहिला
आणि उजव्या मागच्या चाकाशी
खडीवर तांबूस तेलाचा डाग, बशीएवढा.
आर्डिस म्हणाली, "मरतोय वाटतं."
"हायड्रॉलिक जॅक आहे तो. मरत नाही, गळतो."
"आपल्या वयात फरक काय?" म्हणाली
आणि कॉफी करायला आत गेली.

आत सगळं उजवीकडे.
कपाटाचं दार कुणाला न विचारता उघडायचं.
अंडं ओट्यावरून निघालं, सिंकमध्ये फुटलं.
अशा कलत्या गाडीत फ्रिज चालवू नये,
पुस्तिकेत तीनदा लिहिलंय.
पुस्तिका वाचणारी मी,
गाडी हवी म्हणून पार्लर विकणारी ती.
मेकॅनिक ब्लाइथला, आणि तो मंगळवारपर्यंत
मासे पकडायला गेलेला.
आज शुक्रवार.

उतरलेले तिघेही मी वर घेतले.
तीन पायांवर उचललं तर सांगाडा पिळवटतो,
पुढची काच तडकते.
मग चाकांवरच बसलो आम्ही, तिरक्या,
वाळवंटात ऊन उतरताना,
सग्वारोंच्या सावल्या लांब होत होत्या
आणि त्या मात्र, मेल्या, सगळ्या सरळ.

पलीकडच्या ट्रेलरमधून एलाडियो आला,
हातात पाणसळ, ट्रकमध्ये फळ्या.
तीस वर्षं युमाकडे लेट्यूसची शेतं सपाट केलेली त्यानं,
शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचावं म्हणून.
विचारलं काही नाही. आत येऊन गुडघ्यावर बसला,
पाणसळ लिनोलियमवर ठेवली.
बुडबुडा डावीकडे पळाला, टोकाला चिकटला.
"बाई," तो म्हणाला, "ही गाडी नाही, घसरगुंडी आहे."

फळ्या पाइनच्या, जाड, टोकं तासलेली.
जोडचाकं आहेत, दोन्हीखाली फळी हवी,
एक टायर लटकता ठेवायचा नाही.
गाडीखाली कुणी शिरायचं नाही,
हे त्यानं आर्डिसकडे बघून सांगितलं,
कारण ती शिरायच्या बेतात होती.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी
बेमिजीच्या बर्फात; दोन फळ्या काय चीज.
पण आर्डिसचा "ये" आणि "थांब" एकच,
दोन्ही हात वर, जसं चर्चमध्ये.
पहिल्या खेपेला फळ्या ओलांडून धाडकन खाली,
आत कपबशा बोलल्या.
दुसऱ्या खेपेला मी आरशात तिच्याकडे बघितलंच नाही,
एलाडियोच्या टोपीकडे बघितलं.
टोपी हलली नाही तेव्हा ब्रेक दाबला.
त्यानं पुढं-मागं पाचरी मारल्या, बुटाच्या टाचेनं.

पुन्हा पाणसळ.
बुडबुडा रेघेपाशी आला, आणि रेंगाळला.
"अर्धा राहिला," एलाडियो म्हणाला.
"माझ्या शेतात एवढ्यानं पाणी अडलं असतं.
झोप नाही अडत."
सूप घेतलं नाही त्यानं. फळ्या मंगळवारी द्या म्हणाला.

रात्री दोघी आपापल्या बाकावर, मधे वाट.
लहानपणी माळ्यावर एकच गादी होती,
मधोमध खड्डा पडलेली,
आणि ही रोज घरंगळत माझ्या पाठीशी यायची,
पाय बर्फ.
मी लाथा मारायची.
आई खालून काठीनं छत ठोकायची.

"मार्लिस."
"काय."
"अर्धा बुडबुडा माझ्याकडे आहे. मी घसरतेय."
"तुझ्याकडे भिंत आहे."
"भिंत गार आहे."

बाहेर जॅकखाली केकचं भांडं ठेवलं होतं,
त्यात तेल पडत होतं, थेंबा-थेंबानं, घाई नसल्यासारखं.
अकरा मोजले.
मग उठले, अंधारात खण चाचपला,
आणि माझे लोकरीचे मोजे
तिच्या अंगावर फेकले.