दोन रुपये पान

विद्यापीठाच्या फाटकासमोर
भदौरियांचं झेरॉक्सचं दुकान,
एक मशीन, एक कॉम्प्युटर, एक कूलर,
आणि कूलरच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून
विटेखाली दाबलेले आमचे बायोडाटा.

माझा हा अकरावा.
पहिल्यात मी 'परिश्रमी' होते,
चौथ्यात 'डायनॅमिक',
सातव्यात गजेंद्र तोमरचं 'टीम लीडर' उचललं
तर चुकून त्याचे वडीलही आले सोबत.
तसाच गेला नोएडाला.
उत्तर आलं नाही,
दोन्ही घराण्यांना.

आडनाव पिंगळे.
मार्कशीटवर पिंगले,
मूलनिवासी दाखल्यावर नुसतं पिंगल,
जणू मी माणूस नसून छंदशास्त्र.
आई म्हणते, आधी नोकरी लागू दे,
ळ मागाहून लावून घेऊ.

काका म्हणतात, ओळखी काढ.
काढली. पुण्याला असतो एक मावसभाऊ.
कुठलीही जागा चालून जाईल, म्हटलं,
तर तो माझ्या मराठीला हसला,
'लिंक पाठवतो' म्हणाला.
स्वतःविषयी सांगा, याचा सराव
मी कुकरवर करते:
पहिल्या शिट्टीला शिक्षण,
दुसरीला प्रोजेक्ट,
तिसरीला, पाच वर्षांनी मी कुठे असेन
(गॅस बंद).

आज भदौरियांनी पान हातात घेतलं
आणि मशीनवर ठेवलंच नाही.
"छंद काढ.
वाचन, प्रवास सगळेच लिहितात.
कोचिंगचे हिशेब दोन वर्षं तूच ठेवलेस ना?
ते असं पायापाशी का? वर घे.
आणि हिंदीत कर.
मालक इंग्रजी वाचतो, पण माणूस मुनीम निवडतो."

कोणता मालक?

"मालनपूरला खोकी बनवतो.
तिघांनी प्रती नेल्या माझ्याकडून,
तिघंही सोमवारी गेले.
सोमवारी तिथे ट्रक भरतात,
कोण बघणार तुमच्याकडे?
तू गुरुवारी जा, साडेअकरानंतर.
मेल नको. मेल मुलगा उघडतो
आणि मुलगा भोपाळला असतो."

तुम्हाला कसं ठाऊक एवढं?

"बायोडाटा इथे, ऑफर लेटरही इथेच.
झाकण उघडून उलटा ठेवण्याआधी
एकदा सरळ दिसतोच की कागद."

एवढ्या दिवसांत मी रोजगार कार्यालय पाहिलं,
तीन मेळावे, सतरा पोर्टलं;
विटेखालची ही चळत
कधी मोजली नव्हती.

मग टायपिंग. त्यांचं बोट
कीबोर्डवर घिरट्या घालत राहिलं.
"तुमचा तो वाकडा ल कुठे असतो?"
शिफ्ट दाबून धरा, मी म्हटलं,
आणि मग साधा ल.
आला. शाई संपत आलेली,
जरासा फिकट.

पाच प्रती द्या.
"दोन पुरेत. एक त्याला,
एक घामाने भिजली तर."

चार रुपये झाले. सुट्टे नव्हते.
"गुरुवारी दे," म्हणाले,
आणि पुढच्या मुलाचा कागद
वाचायला घेतला.