प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटे

गाडी साडेचार तास उशिरा. धुकं असं,
की मी लिहिलं असतं तर
संपादकाने समासात खरडलं असतं : अति होतंय.
ग्वाल्हेरच्या फलाटावर एक मुलगा
छातीशी पुठ्ठा धरून उभा :
‘श्री. द. य. खांबेटे’.
मी त्याच्यासमोरून दोनदा गेले,
पहिल्यांदा गंमत म्हणून,
दुसऱ्यांदा, खरं सांगते, थोडी लाज वाटून.
तेहतीस वर्षं हे नाव वापरते आहे.
आधी प्रकाशकाची अट होती, मग सवय.
“मीच,” म्हटलं.
त्याने पुठ्ठा पाहिला, मला पाहिलं.
“सर नाही आले का?”
“सर कधीच येत नाहीत.”

मला नेहमी जेवणानंतरचं सत्र देतात.
सकाळ कवितेची, संध्याकाळ अध्यक्षांची,
दुपारी अडीच ते सव्वातीन
‘रहस्यकथा : साहित्य की करमणूक?’
हा ‘की’ मी सात गावांत ऐकला आहे.
एका गावी माईक बंद पडला, तेव्हा तो दोनदा ऐकला.
एका गावी माझी शाल
शेजारच्या बाईंच्या खांद्यावर गेली, तिथेच राहिली.
पोटात गाजरहलवा, डोळ्यांवर झापड,
आणि सूत्रसंचालकाचा तोच विनोद :
“बाईंनी जेवणात काही घातलं नसेल ना!”
मी हसते. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.
मानधन त्याचंच असतं.

लष्करातलं सभागृह. साठ खुर्च्या, एकवीस माणसं.
मोजत राहणं हा माझा धंदा :
चौदा मफलर, तीन कानटोप्या,
हीटर एक, तोही अध्यक्षांच्या पायाशी.
मी माझं ठरलेलं बोलले.
प्रेत पहिल्या तीस पानांत.
पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोरच ठेवायचा,
फक्त तो दुसरीकडे पाहत असताना.
टाळ्या झाल्या. हातमोजे घातलेल्या टाळ्या,
कुणी उशी थोपटावी तशा.

पहिला प्रश्न, कल्पना कुठून सुचतात.
दुसरा प्रश्न नव्हताच,
गृहस्थांची स्वतःची कादंबरी होती, बाराव्या प्रकरणापर्यंत.
मग शेवटच्या रांगेतून शरयू टेंबे उठल्या.
महालेखाकारांच्या कचेरीत छत्तीस वर्षं, निवृत्त.
हातात माझी ‘अकराव्या खोलीची किल्ली’,
खाकी कागदाचं कव्हर घातलेली.

“पान अठ्ठावीस. दिवाणजींचा खून होतो.
त्यांची मुलगी दारात उभी असते,
सहा वर्षांची, एकाच पायात चप्पल.
पुढे दोनशे पानं मी तिची वाट पाहिली.
खुनी सापडला, दागिने सापडले,
इन्स्पेक्टरचं लग्नसुद्धा लावून दिलंत तुम्ही.
मुलगी कुठे गेली?”

मी तोंड उघडलं.
ती चप्पल म्हणजे चकवा होता.
वाचकाने खाली बघावं, खिडकीकडे नको,
एवढ्यासाठी एक पोर उभं केलं होतं दारात.
काम झाल्यावर तिला आत न्यायचं राहून गेलं.
अध्यक्षांनी घंटी वाजवली. वेळ संपली होती.
घंटीचे एवढे उपकार मी कधी मानले नव्हते.

चहाच्या टेबलाशी बाई जवळ आल्या,
गजकाचा पुडा माझ्या हातात कोंबला.
“घाई काही नाही हो,
आमच्याकडे एकेक आक्षेप बारा-बारा वर्षं उघडा राहायचा.
पण रजिस्टरमधून खोडायचा नाही कुणी.”

परतीच्या गाडीला पोचवायला तोच मुलगा.
पुठ्ठा मागून घेतला त्याच्याकडून.
वरच्या बर्थवर कुणीतरी घोरत होतं,
मी पुठ्ठा उलटा केला, पेन काढलं,
आणि लक्षात आलं, तिला नावच दिलेलं नाही.
डबरा गेलं. दतिया गेलं.
गजकाचे तीळ पुठ्ठ्यावर सांडत होते.
झाशीला एक नाव लिहिलं, खोडलं.
दुसरी चप्पल कुठे होती,
ते मला खरंच माहीत नाही.