मागणी: निरंक

डिसेंबरचे दोन आठवडे माझा सीझन.
कॉटन मार्केटच्या मागं दुकान, बारा बाय आठ.
कोतवाल, आशा वर्कर, विनाअनुदानित मास्तर,
संस्थाचालक, ट्रॅव्हल्सवाले,
सगळ्यांचं 'झालंच पाहिजे' एकाच ब्रशचं.
'पाहिजे' इतक्यांदा लिहिलं
की वेलांटी हात मला न विचारता काढतो.

त्या सांजेला टेकडी रोडवर, मोर्चे अडवतात तिथं,
उत्पला रंगारी बसली होती.
चित्रकला कॉलेजची, आमच्याच वस्तीतली पोरगी.
समोर गंजभर पाणी, साबणाची वडी.
लोकं गाड्यांत बसून गावी गेल्यावर
रस्त्यात पडलेले बॅनर गोळा करून
एक-एक धुऊन राहिली.
पाणी आधी लाल, मग जांभळं,
मग नाव नसलेलं.

हवालदार आला. "कोणती संघटना?"
"एकटी."
"मागणी काय? रकाना आहे ना इथं, भरा लागते."
तिनं कापड पिळलं, झटकलं,
त्याच्या बुटांवर शिंतोडे.
तो बराच वेळ पेन धरून उभा.
मग लिहिलं, निरंक.

एक जण फोटो काढून म्हणाला, वा.
एकानं विचारलं, याचा अर्थ काय होते?
ती बॅरिकेडवर कापडं वाळत घालत होती, ओळीनं,
आणि मी चहाचा कप हातात घेऊन
जागेवरच थिजलो.

संस्थाचालकांचं अक्षर ठळक, जसंच्या तसं.
ट्रॅव्हल्सवाल्यांचंही.
मास्तरांचं कापड कोरं.
आशा वर्करांच्या 'मानधन'चा फक्त 'धन' उरला, तोही फिका.

रोखवाल्यांना ऑइल पेंट.
उधारीवाल्यांना गोंदातला डिस्टेंपर.
वीस वर्षांचा माझा हिशोब,
बायकोलाही सांगितला नव्हता.
पोरीला ठाऊक होतं का? विचारलं नाही.
तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.
साबण पुसून डबीत ठेवला न् गेली.

रात्री शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया आल्या.
सकाळी दहाला मोर्चा, पैसे नंतर.
मी काही न बोलता ऑइलचा डबा उघडला,
झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटावं लागलं.

पण नागपूरची थंडी,
ऑइल पेंट सकाळपर्यंत वाळत नाही.
घडी घालून, खांद्यावर टाकून नेलं त्यांनी.
कोणाच्या लुगड्याला, कोणाच्या मानेला
'पाहिजे' लागून गेलं असन, उलटं.